जुन्या पिकअपचं इंजिन बदलायचं की गाडीच काढून टाकायची? बेळगाव सीमाभागातल्या गाडीमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

गाडी निळा धूर सोडायला लागली, आठवड्याला लिटरभर ऑइल प्यायला लागली किंवा गोव्यात भाजी उतरवून रिकामी परत येतानाही चोर्ल्याच्या चढाला दुसऱ्या गिअरवर यायला लागली, की गॅरेजात निकाल तयार असतो: इंजिन बसलं, काम काढावं लागेल. पुष्कळदा हा निकाल कानाने आणि डोळ्याने दिलेला असतो, मापाने नव्हे. आणि एकदा हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडलं की मालकाच्या हातातला पर्याय जातो. उघड्या इंजिनाची गाडी गिऱ्हाईक मातीमोल भावात मागतं, दुसऱ्या गॅरेजला ओढून नेणं खर्चाचं होतं, आणि मग जे सांगतील ते काम करून घ्यावं लागतं.

म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे. आधी चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा), मग कागद, मग इंजिनाची मापं, मग पैशाचा हिशेब, आणि पाना सगळ्यात शेवटी. इंजिन बदलण्यासारखं आहे का, याचं उत्तर निम्म्याहून जास्त वेळा इंजिनाबाहेरच सापडतं. बोलेरो पिकअप, टाटा २०७, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या डिझेल गाड्या डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. टाटा एसचं ७०२ सीसी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन लहान असल्यामुळे त्याच्या कामाचा खर्चही कमी बसतो. तिथे पद्धत हीच, फक्त आकडे वेगळे.

पहिली पायरी: चेसिस

गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या, चेसिस पाण्याने धुऊन वाळू द्या. एक लहान हातोडी, एक जाड स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च पुरे. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला बसतात त्या चारही जागा, गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर, केबिनचे माउंटिंग आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा धड आहे. भद्द आवाज आला तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून टेकवा. ते आत गेलं किंवा पापुद्रे सुटले, तर ती जागा आतून खाल्लेली आहे.

आपल्या भागात दोन प्रकारच्या गाड्यांवर विशेष लक्ष हवं. गोव्याहून किंवा मालवण-वेंगुर्ल्याहून मासळी आणणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी थेट चेसिसवर गळतं आणि गंज आतल्या बाजूने चालतो. वरून रंग चकचकीत दिसतो. दुसऱ्या गाड्या ऊस, गूळ, वाळू, चिरा वाहिलेल्या. यांना गंजापेक्षा तड्यांचा त्रास. तडा बहुधा मागच्या हँगरच्या रिव्हेटजवळ केसाएवढ्या रेघेत सुरू होतो आणि तिच्या कडेने तांबूस गंज पाझरलेला दिसतो. तिथे आधीच पट्टी वेल्ड केलेली असेल तर पट्टीची दोन्ही टोकं बघा, नवा तडा तिथून पुढे निघतो.

एखाद्या हँगरपाशी गंज असेल तर चांगला वेल्डर दुरुस्त करतो. पण दोन्ही बाजूंचे रेल खाल्लेले असतील किंवा गाडी वाकडी चालत असेल (सरळ रस्त्यावर मागून पाहिलं की मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत नसतात), तर इथेच थांबा. अशा गाडीत इंजिनावर एक रुपया घालू नका.

दुसरी पायरी: कागद

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दर वर्षी पासिंग (फिटनेसची तपासणी). गाडीचं वय वाढेल तशी फीही टप्प्याने वाढते. तेव्हा केए-२२ (बेळगाव) असो की केए-२३ (चिकोडी), पुढच्या पासिंगची तारीख, टॅक्स, विमा आणि बँकेचा बोजा या चार गोष्टी एका कागदावर मांडा. थकलेला टॅक्स आणि दंड हा इंजिनाच्या कामाच्या खर्चातच धरायचा, कारण तो भरल्याशिवाय नवं इंजिन रस्त्यावर येत नाही.

तुमच्याच इंजिनाचा ब्लॉक (नंबर कोरलेला मुख्य सांगाडा) ठेवून काम केलं तर इंजिन नंबर तोच राहतो आणि आरटीओचा प्रश्न येत नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार अशा बदलाला आरटीओची मंजुरी आधी घेणं उत्तम. ती न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते. नंबर चढल्यावर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीतही तो घालून घ्या. हे राहिलं तर पासिंगला गाडी अडते, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतर क्लेमच्या वेळी नंबर जुळत नाही.

धुराचा नियमही इथेच बघून घ्या. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. बीएस-४ गाडीत बीएस-३ इंजिन बसवून चालत नाही, ना कागदावर ना वायरिंगमध्ये. डिझेल गाडीच्या पीयूसीला धुराची मर्यादा बीएस-३ पर्यंत ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आणि बीएस-४ ला ५० एचएसयू आहे. पीयूसीच्या कागदावर नुसतं पास झाली एवढं बघू नका, छापलेला आकडा बघा. मागच्या तीन पीयूसीचे आकडे चढत गेलेले दिसले तर इंजिनाची तब्येत कुठल्या दिशेने चालली आहे ते घरबसल्या कळतं.

तिसरी पायरी: इंजिन न उघडता मापं

मापं घेण्याआधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि ऑइल बदला, बॅटरी पूर्ण चार्ज करा. फाटलेला किंवा ठासलेला फिल्टर असताना घेतलेलं कुठलंही माप खोटं येतं. हंगामात पाचटाचा भुसा आणि गाडीवाटेची धूळ एवढी असते, की कंपनीने लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच फिल्टर भरतो.

धूर कुठल्या रंगाचा, हे आधी. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: फिल्टर, टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा), इंटरकूलरचा (ती हवा गार करणाऱ्या जाळीचा) फाटलेला होज, नोझल. यात इंजिन बांधायचं काहीच कारण नाही. पांढरा धूर सकाळी थंड इंजिनात येऊन पाच मिनिटांत गेला तर न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावरही येत राहिला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते कुठून आलं, हे धूर सांगत नाही. उतारावर पाय उचलून मग ॲक्सिलरेटर दाबला की निळा लोट येतो, तेव्हा व्हॉल्व्ह गाईड आणि सील आधी बघा. चढाला लोडमध्ये सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो.

टर्बोचा निकाल दहा मिनिटांत लागतो. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूचा होज काढा, दांडा बोटांत धरून हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, पण पंखा भिंतीला घासता कामा नये; पुढे-मागे खेळ हाताला जाणवला तर टर्बो गेला. इंटरकूलरच्या खालच्या होजमध्ये ऑइलचं तळं साचलं असेल तर निळ्या धुराचा आरोपी सापडला असं समजायला हरकत नाही, मात्र आधी ब्रीदर पाईप (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी) तुंबलेला नाही ना ते बघा. ब्रीदर तुंबला की चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं.

मग ब्लो-बाय, म्हणजे रिंगांच्या कडेने खाली गळणारा गॅस. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भोकातून धूर भकाभका आला तर रिंगांच्या बाजूने गॅस खाली जातोय. इथे एक फसगत ठरलेली: अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असलेल्या गाड्यांत त्या पंपाची हवा इंजिनातच जाते. ब्रेकचा व्हॅक्यूम होज फाटला असेल तर इंजिन विनाकारण धापा टाकल्यासारखं वाटतं. पंपाचा ओढणारा पाईप काढून तोंड अंगठ्याने बंद करा आणि झाकण परत ठेवून बघा. धाप थांबली तर लाखाचं काम टळलं.

आता खरं माप, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते. पेट्रोलचा गेज चालत नाही, फुटतो. डिझेलचा किमान ६०० पीएसआयपर्यंतचा गेज लागतो. तो इंजेक्टरच्या किंवा ग्लो प्लगच्या भोकात बसतो. इंजिन गरम, एअर फिल्टर काढलेला, डिझेल बंद (जुन्या पंपाची सोलेनॉइडची वायर, कॉमन रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या इंजिनात, इंजेक्टरचे कनेक्टर), आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके मिळतील एवढंच सेल्फ मारायचं. डायरेक्ट इंजेक्शनच्या धडधाकट इंजिनात साधारण ३५० ते ४५० पीएसआय मिळतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा, पण ३०० च्या खाली गेलं की सकाळी सुरू व्हायला त्रास ठरलेला. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त अंतर असू नये.

सगळेच सिलिंडर सारखे कमी दाखवत असतील तर आधी बॅटरी, सेल्फ आणि टायमिंग तपासा. शेजारचे दोन पडलेले असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. एकच पडला असेल तर त्यात पाचेक मिलीलिटर ऑइल घालून परत मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. जास्त ऑइल घालू नका, डिझेलच्या पिस्टनवर जागा एवढी कमी असते की पिस्टन ऑइलवर आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गॅरेजात कॉम्प्रेसर असेल तर पिस्टन टॉपला आणून, गिअर टाकून, चाकांना दगडाची उटी लावून सिलिंडरमध्ये हवा भरा आणि कान लावा. ऑइलच्या भोकातून सूं आवाज म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा हेडला तडा.

ऑइलचं प्रेशर डॅशबोर्डच्या दिव्यावर सोडू नका. दिव्याचा स्विच काढून तिथे साधा गेज लावा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला एक बारच्या आसपास आणि २००० आरपीएमला अडीच-तीन बार मिळत असेल तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याची बेअरिंग अजून जिवंत आहेत. आयडलला अर्ध्या बारच्या खाली आणि खालून जड ठोका, तर खालचा भाग उघडावाच लागेल.

कॉमन रेलच्या गाडीत ठोका ऐकून घाबरायच्या आधी इंजेक्टरचं रिटर्न मोजा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न नळीला एकसारखी बाटली लावून दोन मिनिटं आयडल चालवा. बाकीच्या बाटल्यांत सारखं आणि एकीत दुप्पट, तर तो इंजेक्टर दोषी. गळक्या इंजेक्टरचा ठोका बेअरिंगसारखाच ऐकू येतो. त्या इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढला की आवाज बंद पडतो, हाही पुरावा. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर हे काम उद्यावर ढकलू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं आणि मग खरोखरच इंजिन बांधावं लागतं.

एवढी मापं वहीत उतरवा: प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, दोन ऑइल प्रेशर, प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न, आणि डिपस्टिकच्या खुणेवरून १००० किलोमीटरला लागलेलं ऑइल. जुन्या, लोड ओढणाऱ्या डिझेलने अर्धा लिटर घेतलं तर गाडी चालवत राहावी. एक लिटरच्या वर गेलं की विचार करायचा.

चौथी पायरी: काम किती खोल?

इंजिन करायचं म्हणजे नेमकं काय, हे मिस्त्रीकडून वेगवेगळं लिहून घ्या. हेडचं काम (व्हॉल्व्ह, गाईड, सील, फेसिंग, गॅस्केट) हे गाडीतच होतं. हाफ इंजिन म्हणजे त्यात रिंगा किंवा लाईनर-पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. फुल इंजिन म्हणजे क्रँक काढून, ब्लॉक धुऊन सगळं. त्यापलीकडे भंगार बाजारातलं चालू इंजिन, किंवा कंपनीकडून नवा किंवा रिकंडिशन ब्लॉक.

हाफ इंजिनबद्दल स्पष्ट मत: प्रेशर चांगलं असेल तरच करा. क्रँक झिजलेला असताना नुसत्या रिंगा टाकल्या की वरचं कॉम्प्रेशन वाढतं, तो जादा मार खालच्या थकलेल्या बेअरिंगवर पडतो आणि काही महिन्यांत तेच इंजिन पुन्हा उतरतं. स्वस्तात केलेलं हे काम दोनदा पैसे खातं.

आपल्या भागाचा फायदा असा, की मशीनिंग दारात आहे. बेळगावात उद्यमबागेत, कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंगची पिढ्यान्‌पिढ्यांची कामं चालतात. निपाणी, चिकोडीच्या मालकाला कोल्हापूर जवळ, खानापूर, बैलहोंगलच्या मालकाला बेळगाव. त्यामुळे स्वतःचा ब्लॉक धड असेल तर बाहेरचं अनोळखी इंजिन आणण्यापेक्षा तोच बांधून घेणं मला सरस वाटतं. नंबर तोच, कागद तोच, आणि आत काय घातलं ते डोळ्यासमोर.

ब्लॉकच गेला असेल, म्हणजे रॉड बाहेर आला, पाण्याच्या जागी तडा गेला, क्रँक शेवटच्या साईजच्याही पुढे गेला, तरच दुसरं इंजिन शोधा.

पाचवी पायरी: हिशेब

गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर करू नये, असा एक ठोकताळा सांगितला जातो. गाडी दुरुस्त करून लगेच विकायची असेल तर तो बरोबर आहे. भाडं मारायच्या गाडीला तो लावू नका. तिथे विचारायचा प्रश्न एकच: पुढे ही गाडी किती महिने कमावेल, आणि त्या प्रत्येक महिन्याला किती खर्च पडेल?

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, जागी तुमचे घाला. समजा इंजिन बसलेल्या अवस्थेत गाडी १,४०,००० ला जाते. फुल इंजिन १,०५,०००, सोबतची क्लच-रेडिएटर-टर्बोची कामं ४०,०००, आणि गाडी २० दिवस उभी म्हणून रोजचे निव्वळ १,२०० प्रमाणे २४,०००. एकूण १,६९,०००. तीस महिने चालवून गाडी १,८०,००० ला विकली, तर १,४०,००० अधिक १,६९,००० वजा १,८०,०००, म्हणजे १,२९,००० रुपये तीस महिन्यांत गेले, महिन्याला ४,३००. जुन्या गाडीचा जादा देखभाल खर्च ४,००० धरला तर ८,३००.

नवी गाडी १० लाखांची, दीड लाख भरून साडेआठ लाखांचं कर्ज, १०.५ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता सुमारे १८,३००. तीस महिन्यांत व्याज साधारण १,७८,००० जातं. तेव्हा गाडीची किंमत साडेसहा लाख धरली तर घट साडेतीन लाख. दोन्ही मिळून महिन्याला साधारण १७,६००. मायलेज ११ वरून १३ झालं आणि महिन्याला २,५०० किलोमीटर पळाली, तर ३५ लिटर डिझेल वाचतं. ९० रुपयांनी ३,१५० रुपये. ते वजा केले तरी जुनी गाडी पुढेच राहते.

आता याच हिशेबात दोनच आकडे बदला. चेसिस खाल्लेली असल्यामुळे गाडी तीसऐवजी बाराच महिने टिकली आणि १,२०,००० ला गेली. १,८९,००० भागिले १२, म्हणजे १५,७५०, अधिक देखभाल ४,०००: महिन्याला १९,७५०. तेच इंजिन, तोच मिस्त्री, पण नव्या गाडीपेक्षा महाग. पहिल्या पायरीला हातोडी का घ्यायला सांगितली, ते इथे कळतं.

गाडी काढायचीच ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेवीचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घ्या. नव्या मालवाहू गाडीच्या टॅक्समध्ये त्यावर १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आरसी रद्द न करता भंगारवाल्याला देऊ नका. गाडी कापली गेली तरी कागदावर ती तुमचीच राहते, टॅक्सही चढत राहतो.

भंगार बाजारातलं इंजिन घेताना

जमिनीवर पडलेलं इंजिन घेऊ नये. गाडीत असलेलं किंवा स्टँडवर सुरू करून दाखवलेलं घ्यावं. थंड असताना स्वतः जाऊन हात लावा. तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन सकाळचा त्रास लपवतं. ऑइल फिल्टर काढून आरीने कापा, घडीचा कागद उघडून उन्हात धरा: चकाकणारे कण म्हणजे बेअरिंगचा धातू. थर्मोस्टॅटचं झाकण उघडून आत गंज आणि क्षार बघा. ब्लॉकवरच्या नंबरची जागा घासलेली किंवा पुन्हा ठोकलेली वाटली तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

पावती जीएसटीची, तिच्यावर इंजिन नंबर, आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत, हे तिन्ही एकत्र हवं. महाराष्ट्रातल्या गाडीचं इंजिन केए पासिंगच्या गाडीत घालताना तर हे कागद आधी दाखवूनच आरटीओत चौकशी करा. कॉमन रेलचं इंजिन असेल तर इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) पार्ट नंबर जुळतो का ते घ्यायच्या आधी मिळवा. इंजेक्टर बदलले की त्यांच्यावरचे कोड स्कॅनरने ईसीयूत भरावे लागतात. ते न भरता गाडी चालते, पण धूर आणि ठोका जात नाही.

बांधणीत कुठे घोटाळा होतो

बहुतेक फसलेली कामं पार्ट वाईट म्हणून नव्हे, धुलाई आणि मोजमाप राहिलं म्हणून फसतात.

क्रँक ग्राइंड होऊन आला की त्याच्या ऑइलच्या भोकांत लोखंडाचा कीस अडकलेला असतो. प्रत्येक भोकात ब्रश घालून, डिझेलने धुऊन, हवा मारून, मग पांढरं फडकं फिरवायचं. फडकं काळं आलं तर परत. एवढ्या एका कामाच्या आळसाने नवी बेअरिंग पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये चिरतात. ग्राइंडिंगची साईज ०.२५, ०.५० मिलिमीटर अशी चढते, कारागीर दहा थाउ, वीस थाउ म्हणतात (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बेअरिंगच्या पाठीवर तोच आकडा छापलेला आहे का ते स्वतः वाचा.

हेड फेसिंगला दिलं की किती कापलं ते लिहून घ्या. डिझेलमध्ये पिस्टन टॉपला ब्लॉकच्या वर किंचित येतो, त्याचं माप घेऊन त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडायची असते; जाडी गॅस्केटच्या कडेला भोकांनी किंवा खाचांनी दाखवलेली असते. जुनं होतं तसंच आणलं म्हणून चालत नाही. हेड जास्त कापलं आणि व्हॉल्व्हची सीट तेवढी खोल घेतली नाही, तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो. इंजेक्टरखाली तांब्याचे नवे वॉशर हवेतच. जुने घातले की कडेने गॅस फुसफुसतो आणि डांबरासारखा काळा थर चढतो.

रिंगा बसवण्याआधी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तोंडाचा गॅप फिलर गेजने मोजा. ८८.९ मिलिमीटरच्या बोअरला (२५२३ सीसीच्या महिंद्राचा एवढाच) साधारण ०.३० ते ०.४५ मिलिमीटर असावा, मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. गॅप कमी राहिला की गरम झाल्यावर टोकं एकमेकांना टेकतात, रिंग मोडते आणि सिलिंडरला उभा ओरखडा पडतो. होनिंगच्या (सिलिंडर आतून घासण्याच्या) रेघा तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर ऑइल धरत नाही.

इंजिन खाली असताना जे बदलायचं ते तेव्हाच बदला, परत उतरवण्याची मजुरी पार्टपेक्षा महाग पडते: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील, इंजिन माउंटिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, टायमिंगचा संच, ऑइल पंप. जुन्या इंजिनाची बेअरिंग गेली असतील तर ऑइल कूलर नवाच घ्या; त्याच्या जाळीत अडकलेले धातूचे कण कितीही धुतले तरी निघत नाहीत आणि नव्या इंजिनात जातात. इंटरकूलर उलटा करून त्यातलं ऑइल निथळवा, डिझेल टाकी उतरवून साफ करा.

रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. इंजिन बसण्यामागे रेडिएटर असेल आणि तोच परत लावला, तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाणार. फिन्समध्ये पाचट आणि किडे, आतून बोअरवेलच्या पाण्याचा क्षार, वर थर्मोस्टॅट काढून टाकलेला: चढाला गाडी तापते याचं मूळ बहुधा या तिघांत असतं. थर्मोस्टॅट काढून गाडी थंड राहते हा समज सोडा. इंजिन नीट गरमच होत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. बोअरवेलचं पाणी न घालता तयार कूलंट किंवा शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मं कूलंट घाला.

पहिला स्टार्ट आणि पहिले हजार किलोमीटर

फिल्टर ऑइलने भरून लावा, टर्बोच्या ऑइल पाईपमध्ये शंभरेक मिलीलिटर ऑइल घाला. डिझेल बंद ठेवून दहा-पंधरा सेकंदांचे सेल्फ मारा, मधे स्टार्टरला विश्रांती द्या, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच डिझेल सोडा.

सुरू झाल्यावर दोन-दोन तास आयडलवर ठेवायची पद्धत अजून दिसते, ती मोडली पाहिजे. आयडलला सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, रिंगा भिंतीवर बसत नाहीत आणि बोअरला काचेसारखा थर चढतो. मग नवं इंजिनही ऑइल पितं. गळती, प्रेशर, तापमान बघायला पंधरा-वीस मिनिटं पुरे. मग गाडी रस्त्यावर काढा, निम्म्याच्या आत लोड घ्या, वेग वरखाली करत राहा. संकेश्वर-बेळगाव हायवेवर एकाच वेगात शंभर किलोमीटर ताणण्यापेक्षा गावोगावचा रस्ता रिंगांना जास्त मानवतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवू नका. पहिले हजार किलोमीटर पूर्ण लोड घेऊन चोर्ला, आंबोली किंवा अनमोड चढू नका. घाट चढून कणकुंबीला चहाला थांबलात तरी लगेच चावी फिरवू नका, दोन मिनिटं आयडल द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं ऑइल जळून कोळसा होतं.

पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेला फिल्टर कापून बघा. थोडी बारीक राखाडी भुकटी असणं ठीक आहे. खवल्यांसारखे चकाकणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच उभी करा आणि मिस्त्रीला तोच फिल्टर दाखवा. हजारला पुन्हा ऑइल बदला आणि सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून वहीतल्या आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.